ममी म्हटलं की इजिप्तच का? (चिंचोरोची लेकरं, इनामगावची मडकी आणि बरंच अवांतर)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परवा भाच्याला सहज विचारलं, जगातली सगळ्यात जुनी ममी कुठली रे, तर पठ्ठ्याने मोबाईलवरून मान वर न करता तूतनखामेन सांगून टाकलं. त्याला काय बोलणार, वर्षभरापूर्वी मीही तेच सांगितलं असतं. म्हणून हा प्रपंच.

तर चिली देशाच्या उत्तर टोकाला अरिका नावाचं बंदर आहे. एका अंगाला पॅसिफिक आणि दुसऱ्या अंगाला अटाकामाचं वाळवंट, कोरडं म्हणजे इतकं की काही भागात वर्षानुवर्षं थेंब पडत नाही. तिथे जे लोक राहायचे त्यांना चिंचोरो म्हणतात. हे त्यांचं स्वतःचं नाव नव्हे, अरिकाच्या एका किनाऱ्याचं नाव संशोधकांनी त्यांना दिलं. शेती नाही, मडकी नाहीत, राजा नाही, देवळं नाहीत. मासे पकडा, शिंपल्या काढा, सी लायन मारा, संपलं. आणि हे लोक इ.स.पू. ५००० च्या आसपास आपल्या मेलेल्या माणसांच्या ममी करत होते, म्हणजे इजिप्तच्या नावाजलेल्या ममींच्या तब्बल दोन हजार वर्षं आधी!

पद्धत वाचून मी दोन दिवस जेवले नाही नीट, तरी सांगते. कातडी सोलून बाजूला ठेवायची, आतले अवयव आणि मांस काढून टाकायचं, हाडं वाळवायची, मग हातापायांना, पाठीला काठ्या बांधून सांगाडा परत जोडायचा, लव्हाळ्याच्या दोऱ्यांनी आवळायचा, वरून राखेच्या लगद्याने अंग भरायचं आणि मग तीच कातडी परत चढवायची, कमी पडली तर सी लायनची लावायची. डोक्याला केसांचा टोप, चेहऱ्याला मातीचा मुखवटा आणि शेवटी मँगनीजचा काळा रंग. राग मानू नका पण मला आमच्या गौरी आठवल्या, आत सांगाडा, वर मुखवटा, आणि बसवताना घरातल्या बायका किती हळुवार हात लावतात ते. पुढे दोन-अडीच हजार वर्षांनी काळ्याऐवजी लाल गेरूचा रंग आला आणि पद्धतही जरा सोपी झाली.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. इजिप्तमध्ये हा मान आधी राजाला, मग दरबाऱ्यांना, मग पैसेवाल्यांना. चिंचोरोंमध्ये सगळ्यांना, आणि सगळ्यात जुन्या ममींमध्ये लहान मुलं भरपूर, तान्ही बाळं, अगदी पोटातच गेलेली सुद्धा. ज्याने एक मासा पकडला नाही, ज्याला बहुतेक नावही मिळालं नव्हतं, त्याच्यासाठी एवढा खटाटोप. काही मुखवट्यांवर रंगाचे एकावर एक थर सापडलेत, म्हणजे लगेच पुरून टाकत नव्हते, जवळ ठेवत असणार, डागडुजी करत असणार.

बेर्नार्दो आरियासा म्हणून तिथलेच एक संशोधक आहेत, त्यांचं म्हणणं असं की याचं मूळ पाण्यात असावं. जवळच्या कामारोनेस नदीच्या पाण्यात आर्सेनिक आहे, थोडंथोडकं नाही, आज पिण्याच्या पाण्यासाठी जी मर्यादा आहे तिच्या शंभरपट. अशा पाण्याने गर्भपात होतात, बाळं दगावतात. पाण्याला चव नाही, वास नाही, त्या बायकांना कळणार कसं? पोरं जातायत एवढंच कळत होतं. तेव्हा त्यांना धरून ठेवायचा मार्ग शोधला असेल. हा तर्क आहे, पुरावा म्हणता येणार नाही, पण मला पटतो.

तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्याकडे असं काही आहे का, जाणकारांनी लिहावं.

बटाटेवडा
जबरी! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. जेवताना वाचलं ही चूक झाली.

शंकासुर
छान लिहिलंय ताई. एक शंका. वाळवंटात तर प्रेत तसंही सुकतं ना, मग एवढी कारागिरी कशाला? उगाच ओव्हरटाइम.

गोदाकाठ
@शंकासुर, सुकतंच. त्याच भागात आचा इथे सापडलेला एक माणूस जवळजवळ ९००० वर्षांपूर्वीचा आहे, कोणी काही न करता नुसता कोरड्या मातीत सुकलेला. इजिप्तमध्येही पिरॅमिड वगैरेच्या कितीतरी आधी लोक वाळूत खड्डा करून, गुडघे पोटाशी घेऊन पुरायचे आणि ती प्रेतं आपोआप टिकली. गंमत म्हणजे ते श्रीमंत झाले, लाकडी पेट्या आणि विटांच्या खोल्या बांधायला लागले आणि प्रेत वाळूपासून वेगळं झालं, मग सडायला लागलं!! म्हणजे सोय केली आणि पंचाईत झाली, त्यातून मग मीठमसाला आणि पट्ट्या. तुमच्या ओव्हरटाइमचं उत्तर म्हणाल तर सुकलेलं प्रेत म्हणजे आपलं माणूस नव्हे ना. चेहरा हवा होता त्यांना.

लंडनचा पक्या
ब्रिटिश म्युझियममध्ये तो वाळूतला माणूस आहे, गेबेलेनचा. लाल केसांवरून त्याला लोक जिंजर म्हणायचे, आता म्युझियम ते नाव वापरत नाही. पोरांना घेऊन गेलो होतो, पोरं सोन्याच्या शवपेट्यांपुढे पाच मिनिटं आणि ह्याच्यापुढे अर्धा तास. स्कॅनमध्ये निघालं की त्याच्या पाठीत, डाव्या खांद्यापाशी वार होता, म्हणजे साडेपाच हजार वर्षं जुना खून. तिथल्या बाई (मार्गदर्शक) सांगत होत्या की आता बऱ्याच संग्रहालयांत पाटीवर ममी न लिहिता ममी केलेली व्यक्ती असं काहीतरी लिहितात. पोरगी म्हणाली, बाबा मग याच्या कपड्याचं काय, झाकत का नाहीत. मला उत्तर आलं नाही.

खार आणि हिंग
माझी प्रतिक्रिया जरा धंद्याच्या अंगाने (फार्मसीवाला आहे, दुकान बंद करून टाइप करतोय).

मीठमसाला म्हणालात ते अगदी बरोबर. इजिप्तवाले वापरायचे ते नॅट्रॉन, वादी नत्रून नावाच्या खोऱ्यातल्या तळ्यांच्या काठावर साचतं. सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट, थोडं मीठ, थोडं सल्फेट. आपल्या भाषेत धुण्याचा सोडा अधिक खायचा सोडा अधिक मीठ, म्हणजे पापडखाराचा थोरला भाऊ. नुसतं मीठ पाणी ओढतं, हे पाणीही ओढतं आणि चरबीचा साबणही करतं, शिवाय अल्कली असल्याने जंतूंचं काही चालत नाही. पुस्तकात हमखास चूक असते की प्रेत नॅट्रॉनच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. नाही हो, कोरडंच पसरायचे, पोटात पुड्या भरायचे आणि अंगावर ढीग.

१९९४ मध्ये बॉब ब्रायर आणि रॉन वेड या दोघांनी अमेरिकेत, मेरिलँडमध्ये, देहदान केलेल्या एका माणसावर हे सगळं जुन्या पद्धतीने करून पाहिलं. तांब्याकाशाची हत्यारं, नॅट्रॉन खुद्द इजिप्तहून आणलेलं. ३५ दिवसांत वजन निम्म्याच्याही खाली आलं आणि प्रेत कुजलं नाही. लाकडासारखं कडक झालं फक्त.

एकूण विधी ७० दिवसांचा, त्यातले ३५-४० दिवस वाळवणं आणि उरलेले तेल, राळ, पट्ट्या, मंत्र. ७० च का, तर व्याधाचा तारा वर्षातून साधारण तेवढे दिवस सूर्याच्या तेजात दिसेनासा होतो आणि मग पहाटे परत उगवतो, त्याच्याशी हिशोब जोडला होता असं मानतात. मेंदू नाकातून आकडा घालून काढायचे आणि फेकून द्यायचे!! हृदय मात्र जागेवर, कारण तिकडे गेल्यावर तराजूत तेच तोलायचंय, दुसऱ्या पारड्यात पीस. बाकी यकृत, फुप्फुस, जठर, आतडी चार बरण्यांत.

चिनूची आई
मेंदू टाकून दिला?! आणि ते विद्वान लोक. आमच्या चिनूला सांगितलं तर म्हणतो मग परीक्षेला काय नेणार.

वऱ्हाडी ठेचा
राजेहो, खाराचं नाव काढलं म्हणून सांगतो, मी बुलढाण्याचा. आमच्या लोणारच्या सरोवराचं पाणी तसंच आहे, सोड्याचं. उल्का पडून झालेलं सरोवर म्हणून सगळे फोटो काढतात पण पूर्वी तिथून खार काढून विकत होते लोक. दल्ला, पापडी अशी त्याची नावं होती, आमच्या आजीच्या तोंडी होती. म्हणजे सामान होतं नं आपल्याकडे, फक्त ममी करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आपण पापड केले :)

शंकासुर
ठेचाभाऊ, लोळलो.

आता इतिहासाच्या गप्पा चालू आहेत तर दोन फॉरवर्ड तपासून द्या कोणीतरी. १) रामसेस दुसरा याला पासपोर्ट काढून विमानाने पॅरिसला नेलं, व्यवसाय: राजा (मयत). २) सगळ्या ममी भारतातल्या मलमलीत गुंडाळलेल्या असायच्या. दुसरा तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर १५ ऑगस्टला येतो.

लंडनचा पक्या
१) अर्धं खरं. १९७६ मध्ये त्याला पॅरिसला नेलं हे पक्कं, ममीला बुरशी लागली होती. विमानतळावर राजाला द्यावी तशी लष्करी सलामी दिली. गॅमा किरणांनी बुरशी मारून परत पाठवला. पण तो फोटोवाला पासपोर्ट जो फिरतो तो अलीकडे कोणीतरी चित्र म्हणून बनवलेला आहे, खरा कागद नाही.

२) मलमल सुताची, कापसाची. ममीच्या पट्ट्या लिननच्या, म्हणजे जवसाच्या झाडाच्या देठातल्या धाग्याच्या, आणि तो तिथेच नाईलकाठी पिकायचा. पट्ट्या नव्या कोऱ्याही नसायच्या बऱ्याचदा, घरातल्या जुन्या चादरी फाडून केलेल्या. आपल्याकडे बाळाची दुपटी आज्जीच्या जुन्या लुगड्याची असतात ना, तसंच समजा, फक्त दुसऱ्या टोकाला.

पण भारताचं काहीच नाही असं नाही!! त्याच रामसेसच्या नाकात काळी मिरी सापडली. मिऱ्याचे दाणे. राजा गेला इ.स.पू. १२१३ मध्ये आणि मिरी तेव्हा फक्त आपल्या मलबारच्या बाजूला पिकायची. तेवढ्या मिऱ्या कोणत्या होडीतून, किती हातांतून तिथे पोचल्या असतील बघा. ग्रुपवर हे टाका, मलमलीपेक्षा भारी आहे आणि खरंही आहे.

शंकासुर
टाकलं. एकाने विचारलंय मिऱ्या नाकात कशाला. सर्दी?

खार आणि हिंग
नाकाचा आकार बसू नये म्हणून. पट्ट्यांच्या दाबाने बाकी राजांची नाकं चपटी झाली, याचं गरुडासारखं राहिलं. आणि मिरी किडे-जंतूंना चालतही नाही.

अवांतर: युरोपात काही शतकं ममी कुटून औषध म्हणून विकली जायची, खरंच. मूळ फारसी शब्द मूमिया, म्हणजे डोंगरातून पाझरणारं काळं डांबरासारखं द्रव्य, आपल्या शिलाजिताच्या जातीचं, हाडं जुळायला देत. ममीवरची काळी राळ तशीच दिसते म्हणून तिलाही तेच नाव पडलं आणि मग डांबर संपलं तशी माणसंच कुटायला लागले. खोकला, मुकामार, पोटदुखी, कशालाही. ममी ब्राऊन नावाचा चित्रकारांचा रंगही होता, विसाव्या शतकापर्यंत मिळायचा. मांजरांचं तर विचारूच नका, १८९० मध्ये जवळपास १,८०,००० मांजरांच्या ममी जहाजातून लिव्हरपूलला नेल्या आणि खत म्हणून लिलावात विकल्या.

बटाटेवडा
आता चहा पण गेला.

कमाटीबाग
बडोद्याची मराठी मंडळी आहेत का इथे? आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे आले की कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये दोनच गोष्टी दाखवायच्या, देवमाशाचा सांगाडा आणि ममी. सयाजीरावांनी आणलेली. आजोबा सांगायचे राजकन्या आहे म्हणून आणि आम्ही काचेला नाक लावून बघायचो की हलते का. पायाची बोटं उघडी दिसायची, मला अजून ती बोटंच आठवतात.

जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्येही एक आहे, तुतू नावाची, पुजारी घराण्यातली बाई. ऑगस्ट २०२० मध्ये जयपुरात तुफान पाऊस झाला, तळघरात पाणी भरलं आणि कर्मचाऱ्यांनी काच फोडून तिला बाहेर काढली तेव्हा वाचली. दोन हजारांहून जास्त वर्षं कोरडी राहिली बिचारी आणि राजस्थानात येऊन बुडायची वेळ.

गोदाकाठ
@कमाटीबाग, पाण्याचंच दुखणं अरिकालाही आहे. हवेतला दमटपणा वाढला तसं संग्रहालयातल्या काही ममींच्या कातडीचा काळा चिकट लगदा व्हायला लागला. हार्वर्डच्या लोकांनी तपासलं तर निघालं की बाहेरचा जंतू नाही, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतात तेच, ओल मिळाली की खायला लागतात. तिथे शहराखालीच ममी आहेत, १९८३ मध्ये पाण्याची लाइन टाकायला खणलं तर डोंगराच्या पायथ्याशी ९६ जण सापडले. २०२१ ला युनेस्कोच्या यादीत आलं सगळं.

भटकभवानी
मी हिमाचलमधल्या स्पितीतलं गिऊ गाव पाहिलंय! ताबोच्या अलीकडे फाटा आहे, रस्ता पार वाईट, बुलेटवरून उतरून ढकलत नेली. छोट्या खोलीत काचेमागे एक लामा बसलेला, सांघा तेन्झिन नाव सांगतात, साधारण ५०० वर्षांपूर्वीचा. गुडघा उभा, हनुवटी त्यावर, आणि मान ते गुडघा असा एक पट्टा, ध्यानात बसताना तोल जाऊ नये म्हणून वापरायचे तो. दात दिसतात, डोक्यावर केस आहेत. १९७५ च्या भूकंपात स्तूप कोसळला तेव्हा सापडला. पट्ट्या नाहीत, राळ नाही, काही नाही. गावात सांगतात विंचवांचा सुळसुळाट झाला होता, तो थांबावा म्हणून लामाने जीव दिला. माझ्या पुढे जे काका होते त्यांनी हात जोडले, मागच्या पोराने सेल्फी काढला, मी मध्ये उभी.

मांडवीकार
गोंयचो सायब राहिले की तुमचे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनजवळच्या एका बेटावर गेले, पेटीत चुना भरला होता, हाडं लवकर मोकळी व्हावीत आणि नेता यावीत म्हणून. काही महिन्यांनी उघडलं तर देह तसाच. मलाक्का करून १५५४ ला गोव्यात आले. १६१४ मध्ये उजवा हात कापून रोमला पाठवला. दर १० वर्षांनी दर्शन असतं, मागचं २०२४ च्या नोव्हेंबर ते २०२५ च्या जानेवारीत झालं, आम्ही घरचे सगळे रांगेत होतो, शेजारचे नाईक कुटुंबही होतं, हिंदू. त्याला ममी म्हणू नका प्लीज, आमच्यासाठी सायब आहेत. शास्त्र तुमचं खरं असेल.

गोदाकाठ
@मांडवीकार, अगदी मान्य. शब्द बाहेरच्याचा असतो.

खडूस मास्तर
बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. धागाकर्त्या बाईंनी विचारलं आपल्याकडे असं काही आहे का आणि तुम्ही पोरांनी लोणार, गोवा, स्पिती फिरून आलात पण शिरूरला कोणी गेलं नाही.

घोड नदीच्या काठी इनामगाव. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजचं उत्खनन चाललं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. मी तेव्हा शाळकरी, वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून बघायला गेलो होतो. खड्ड्यात एक माणूस ब्रशने माती झटकत होता आणि मला वाटलं हा एवढा शिकलेला माणूस झाडू का मारतोय.

तिथे इ.स.पू. १६०० ते ७०० अशी जवळपास नऊशे वर्षं वस्ती होती, कुडाच्या भिंतींची घरं, जव पिकवायचे, जनावरं पाळायचे. मेलेली माणसं गावाबाहेर नाही, घरातच, जमिनीखाली. दोनशेहून जास्त दफनं मिळाली आणि त्यातली बहुतेक मुलांची. दोन मडकी घ्यायची, आडवी, तोंडाला तोंड लावून, आत मूल. वर परत जमीन सारवायची आणि त्याच घरात राहायचं, स्वयंपाक, झोप, सगळं तिथेच. मोठ्या माणसांना उताणं, डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, आणि घोट्यापासून पावलं तोडलेली!! पळून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये म्हणून, असा अंदाज. आता सांगा, आपल्या आया अजून उत्तरेकडे डोकं करून झोपू देत नाहीत, का ते विचारलं की म्हणतात तसं मेलेल्याला ठेवतात. तीन हजार वर्षांचा धाक आहे तो.

आणखी एक. पाच खोल्यांचं मोठं घर, त्याच्या अंगणात कच्च्या मातीचा चार पायांचा पोटाळ रांजण, आत चाळिशीचा पुरुष मांडी घालून बसवलेला आणि याची पावलं शाबूत. गावचा प्रमुख असावा. मान होता म्हणून पाय राहिले, की त्याची भीती वाटत नव्हती म्हणून, हे त्याचं त्याला ठाऊक. लिंगायत समाजात आजही बसवूनच पुरतात, संन्याशाला समाधी देतात तीही बसवून.

शेवटच्या दोनतीनशे वर्षांत पाऊस घटला, शेती आटली, मुलांच्या हाडांत उपासमार दिसते. मडकी मात्र शेवटपर्यंत दोन दोन लावत होते.

चिनूची आई
मास्तर, तुमचं वाचून थांबले जरा. आमच्याकडे (सातारा जिल्हा) मोठ्यांना जाळतात पण तान्हं मूल गेलं तर पुरतात, अजूनही. माझ्या आजीचं पहिलं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, परसात चिंचेखाली ठेवलं होतं. आजीने त्या चिंचेची चिंच कधी खाल्ली नाही आणि विकलीही नाही, पोरांना मात्र पाडू द्यायची. आम्हाला कारण खूप नंतर कळलं. मला नेहमी वाटायचं जाळायला लहान म्हणून पुरतात. पण घराजवळच का, हे आज तुमच्या मडक्यांवरून डोक्यात आलं.

गोदाकाठ
...

काही लिहिता येत नाहीये, फक्त वाचलं हे सांगायला.

शंकासुर
वातावरण गंभीर झालंय तरी विचारतो, राजांचं काय? एवढं सोनं घालून पुरायचं म्हणजे चोरांना आमंत्रणच की.

लंडनचा पक्या
होतंच. तूतनखामेनची आतली शवपेटी एकटीच ११० किलो सोन्याची, तीही एका अल्पायुषी, फारशा न गाजलेल्या राजाची. बाकीच्यांचं बहुतेक सगळं त्याच काळात लुटलं गेलं, म्हणून पुजाऱ्यांनी राजांच्या ममी गोळा करून लक्सरजवळच्या देर अल-बहरीच्या एका कड्यात खोल विवरात लपवल्या. त्या १८८१ ला बाहेर आल्या, तेही गावातलं एक कुटुंब काही वर्षं गुपचूप त्यातलं एकेक विकत होतं म्हणून. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यातल्या बऱ्याच जणांसह २२ राजेराण्यांची कैरोत मिरवणूक काढली, प्रत्येकाला वेगळी गाडी.

आणि थडग्यात नोकरांच्या छोट्या बाहुल्या ठेवायचे, तिकडच्या शेतात राबावं लागू नये म्हणून. पूर्ण संच ४०१ चा, दिवसाला एक असे ३६५ आणि दर दहांवर एक मुकादम, ३६. मेल्यावरही मुकादम सुटला नाही.

खार आणि हिंग
मुकादम भारी :) दक्षिण अमेरिकेतल्या इंकांचं याहून पुढचं. मेलेल्या राजाची ममी सणाला बाहेर काढायची, जेवू घालायचं, इतर राजांच्या ममींना भेटायला न्यायचं. आणि त्याची जमीन, वाडे त्याच्याच नावावर, भाऊबंद सांभाळणार. नव्या राजाला गादी मिळायची पण मालमत्ता नाही, मग बिचारा नवा मुलूख जिंकायला बाहेर. सातबाऱ्यावर मयताचं नाव आपल्याकडेही वर्षानुवर्षं राहतं पण निदान तो जेवायला तरी येत नाही.

भटकभवानी
इंकांचाच दुसरा चेहरा पण सांगा ना. युयायाको शिखरावर, ६७०० मीटरच्या वर, १९९९ ला तीन मुलं सापडली, देवाला दिलेली, थंडीत झोपल्यासारखी. गोदाकाठताई, तुमच्या चिंचोरोच्या आया मुलं धरून ठेवत होत्या आणि त्याच अँडीजमध्ये हजारो वर्षांनी सोडून येत होते. अर्जेंटिनात साल्ताच्या संग्रहालयात त्या तिघांना एका वेळी एकालाच दाखवतात, आळीपाळीने. मला ते बरं वाटलं.

वऱ्हाडी ठेचा
विदर्भाचं कोणी सांगणार नाही, मलाच सांगा लागते. नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणी, तिनेकशे दगडी वर्तुळं आहेत, मोठमोठे गोटे गोल मांडलेले आणि मध्ये लोखंडयुगातली दफनं. लोखंडाची हत्यारं निघाली, माहुरझरीला तर घोडे निघाले, डोक्यावर तांब्याचे दागिने घातलेले. मालकासंग घोडा. आता तिथं काय आहे, तर पोरं क्रिकेटचे स्टंप करतात त्या दगडांचे. मी पाह्यलं डोळ्यांनी.

खडूस मास्तर
ठेचाभाऊ, दगड आहेत तोवर जाऊन बघा म्हणून सांगा सगळ्यांना.

लंडनवाले जवसाच्या धाग्याचं बोलले तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती, रात्री जुनी वही काढून खात्री केली. इनामगावसारखंच चांडोली, तेही घोड नदीकाठचं, पुणे जिल्हाच, तिथेही १९६० च्या सुमारास खणलं होतं. तिथल्या एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. धागे टिकत नाहीत आपल्या हवेत, पण तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला धागा वाचला. तपासला तर जवसाचा. नेवाशालाही तसंच, मुलाच्याच गळ्यात माळ, तिथे सूत आणि रेशीम.

लंडनचा पक्या
मास्तर, दंडवत. म्हणजे तिकडे अख्ख्या राजाला गुंडाळायला जे वापरलं तेच इकडे पोराच्या गळ्यात, वीतभर.

गोदाकाठ
भाच्याला वाचून दाखवलं आत्ता. म्हणाला, मावशी, मग माळ घालून कशाला पुरली, घरात ठेवायची ना आठवण म्हणून. मी म्हटलं त्याची होती ती. तो परत मोबाईलमध्ये गेला पण पाच मिनिटांनी विचारत आला की शिरूरला नाशिकहून किती वेळ लागतो.

मास्तर, तुम्ही याल का दाखवायला? आणि तिथे आता बघण्यासारखं काही उरलंय का?

खडूस मास्तर
जागेवर शेतं आहेत, खापरं दिसतात पावसानंतर, उचलू नका. वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत, आधी ते बघू मग घोड. गुडघे साथ देतील तोवर येतो.

वऱ्हाडी ठेचा
मग जुनापाणीचंही जमवा राजेहो, भाकरी-ठेचा माझ्याकडून. पण डिसेंबरात या. मे महिन्यात आलात तर नॅट्रॉन लागणार नाही, नागपूरचं ऊनच पुरेसं आहे.